गिटारीतली सवत

मी पहिलंच सांगते, मपला भूताखेतावर इस्वास न्हाई. न्हाई म्हंजी... नव्हता. आमी बुद्धाची लोकं. आमच्या घरात देव्हारा न्हाई, अंगारा न्हाई, कोणाच्या अंगात येत न्हाई. माझा बाप तर लहानपणी म्हणायचा, भूत दिसलं तर त्येला नाव-गाव इचारा, खरं असल तर सांगीन. मी सातवी नापास हाय, पण एवढं मला कळतंय. तरीबी हे लिहायले. शिवणक्लासच्या ताईंकडं तुमचं मासिक येतं, त्येच्यात लोक आपले आपले अनुभव लिवतेत, ताई दुपारी वाचून दावतेत. मी त्यांना एकदा उलीसंच सांगितलं, तर त्या म्हनल्या, "लिही बाई, मनात ठिवू नको." म्हून बसले. लेकरू निजलंय तवरच लिहायचंय, चुका झाल्या तर तुमी नीट करून घ्या.

आमी सेलूला राहतो. जिनिंगच्या मागं, रेल्वेच्या रुळाकडनं आमची वस्ती हाय. दोन खोल्या, वर पत्रे. मागच्या खोलीत चूल, पुढच्या खोलीत बाकी सगळं. आमच्या मालकांचं, म्हंजी माझ्या नवऱ्याचं, बाजाराच्या रस्त्याला मोटार रिवायंडिंगचं दुकान हाय. शेतातल्या मोटारी जळतेत, लोक गाडीत टाकून आणतेत, हे त्येच्यातली काळी झालेली तार काढून नवी तांब्याची तार भरतेत. हे झालं पोटाचं काम. पण ह्यांचा जीव हाय तो गिटारीत. इजेवरच्या गिटारीत.

हे आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत हायेत. जयंतीला, कोणाच्या लग्नाला, नामांतराच्या सभेला ही पार्टी गाती. पेटी, ढोलकी, बेंजो... सगळ्यांकडं असतं तसंच. एकदा ह्यांनी औरंगाबादला कोण्या पार्टीत गिटार पाहिली, तवापासून डोक्यात किडा घुसला. इकत घ्यायची न्हाई — आपल्या हातानं करायची! भंगारातली सागाची फळी आणायची, करवतीनं कापायची, घासायची, फुटक्या लाऊडस्पीकरचा लोहचुंबक काढायचा. पहिली केलेली तर कुऱ्हाडीसारखी दिसायची म्हणे, दुसरीची मान वाकली. ही तिसरी.

आन् इथंच माझं दुखणं चालू झालं.

मी दुसरेपणाची हाय. ह्यांची पहिली बायको वत्सला, तिला कावीळ झाली आन् ती गेली. चार वर्सं संसार केला, लेकरू झालं न्हाई. लेकरासाठी लय तळमळायची म्हणतेत. मी तिला कधी पाहिलं न्हाई, तिचा फोटोबी घरात न्हाई. पण ही तिसरी गिटार तिच्या जित्तेपणीच सुरू झालेली. गिटारीच्या पोटात, तारांच्या खाली, एक कॉइल बसती. उलीशी लांबोळी रीळ, तिच्याभवती केसाहून बारीक तार, हजारो येढे. त्या कॉइलीमुळंच तारांचा आवाज मशीनमधी, म्हंजी आवाज मोठा करायच्या ॲम्प्लिफायरमधी, जातो. ह्यांचे हात मोटारीच्या जाड तारेचे, बारीक तार सारखी तुटायची. मंग ती कॉइल वत्सलानं गुंडाळली. तिची बोटं हलकी होती. हे हातमशीन फिरवायचे आन् ती तार धरून बसायची. हजार येढे झाले की भिंतीवर पेन्सिलीनं एक रेघ. सगळं झाल्यावर ह्यांनी मीटर लावलं आन् मीटरवर जो आकडा आला तो रेघांच्या खाली लिवला — ६.८.

त्या रेघा आजबी भिंतीवर हायेत. जयंतीच्या आगुदर आमी सगळं घर चुन्यानं पोतारतो. लग्नाच्या पहिल्याच वर्सी मी चुन्याची बादली घेऊन आख्खी भिंत पांढरी करत आले, तर हे पळत आले...

"तेवढं सोड गं! तेवढी ईतभर जागा सोड."

मी म्हनलं, "कामून? काय लिवलंय तिथं? तुमचा साताबारा हाय का?"

"माझ्या कॉइलचा हिशोब हाय."

मी सोडलं. पण आख्ख्या पांढऱ्या भिंतीत ती ईतभर मळकी जागा अशी डोळ्यात खुपायची की बस्स. सवत जित्ती असती तर भांडले तरी असते. भिंतीसंगं काय भांडता?

सासूबाईला हे कळायचं. म्हातारी शानी हाय. एकदा ज्वारी निवडताना मला म्हनली, "पोरी, आमच्या टायमाला दुसरेपणाची बाई सवतीचा टाक गळ्यात घातल्याबगर पाणी पीत नव्हती. रुप्याचा उलीसा पत्रा, त्येच्यावर बाईचं चित्र. नवं लुगडं आलं की पहिलं तिला दावायचं, मंग आपुन नेसायचं. गोडधोड पहिलं तिला, मंग आपल्याला. तिचा वाटा तिला दिला की ती शांत राहती."

हे बाहेर खुंट्या घासत बसलेले, तिथूनच वरडले. "माय! लाज वाटती का? आपुन कवाच सोडलंय ते सगळं."

"आपुन सोडलं रे बाबा," म्हातारी म्हनली. "पण तिनं सोडलं का?"

मला तवा हसू आलं. खरंच हसले मी.

मंग मला दिवस गेले, वालूरला माहेरी बाळंत झाले, लेक झाली. चिमी म्हणतो आमी. तीन महिन्यांची लेक घेऊन सेलूला आले तर पुढच्या खोलीत पाळण्यासाठी जागाच न्हाई! जिथं तिथं लाकडाचा भुसा, पितळेच्या पट्ट्या, चिमटे. साडीची झोळी बांधायला आढ्याला एकच कडी मोकळी होती, ती त्या भिंतीजवळची. अन् भिंतीवर खिळ्याला ती — तांबड्या पॉलिशची, चकचकीत. मी आले तर लेकीचं तोंड पाहून हे हसले, घेतलं, मुका घेतला... आन् पाच मिंटांनी पुन्हा तिच्यापाशी.

हे कसे करायचे सांगते. एक डोळा झाकून तिच्या मानंवरनं असं सरळ पाहायचे, बंदुकीचा नेम धरल्यावाणी. "मान उलीशी मागं झुकली हिची." मंग तारा ढिल्या करायच्या, पोस्टकार्डाचा तुकडा कापून, तारा ज्येच्यावर टेकतेत त्या घोडीखाली सारायचा, पुन्हा तारा ताणायच्या. तारा लय खाली आल्या तर मानंवरच्या पितळी पट्ट्यांना घासून खरखरतेत, लय वर असल्या तर बोटं कापतेत. कागदभर इकडं, कागदभर तिकडं, असं आठ-आठ दिवस चालायचं. आन् काळ्या लाकडाच्या पट्टीला गोडतेल चोळायचे. माझ्या डोक्याला ह्या माणसानं जिंदगीत तेल लावलं न्हाई!

मशीनला जोडली की ती घुं घुं करायची, माशी अडकल्यावाणी. ह्यांनी तारांवर हात ठिवला की गप. हात उचलला की पुन्हा घुं.

"माणसाचा हात लागतो तिला," हे म्हनले. "अर्थिंगचा खेळ हाय."

मी चिमीला पाजत बसलेले. म्हनलं, "मलाबी लागतो की. मी कधी एवढं घुं घुं केलं का?"

हे नुसते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करायले.

एक दिवस हे खुशीत सांगायला आले, "आज पाह्य, एकदम चूप. घोडीखाली अर्थिंगला लावायला मस्त पत्रा गावला, त्येला कथलानं वायर झाळली." खरंच, हात काढला तरी घुं घुं न्हाई. मलाबी बरं वाटलं, कटकट गेली म्हून.

त्येच्या दुसऱ्याच दिवसाची गोष्ट. दुपारपारी हे जेवून, उलीसं वाजवून दुकानावर गेलेले, मशीन चालूच राहिलेलं. चिमी झोळीत. मी हापशावर पाण्याला गेले. घागर घेऊन दाराशी येते तर आतून लेकीच्या हसण्याचा आवाज. खळखळून! पाच महिन्यांचं लेकरू, तोपर्यंत ती एवढी कधी हसली नव्हती. आन् त्या हसण्याखाली अजून एक आवाज — हं... हं... हं... बाई लेकराला झोका देताना गुणगुणती तसा. शब्द न्हाई, गाणं न्हाई. नुसतं हं.

मला वाटलं सासूबाई. मी हसत हसत आत जायलेच होते, तर मागून आवाज आला, "घागर झाकून ठिव गं, माशा हायेत." सासूबाई ओट्यावर बसलेली. माझ्या पाठीमागं.

घागर पडली न्हाई, एवढंच. आत गेले. खोलीत कोणी न्हाई. झोळी आपली आपली उलीशी हालायली, चिमी हातपाय झाडायली, भिंतीकडं पाहून. आवाज लाऊडस्पीकरच्या खोक्यातून यायला. मी पुढं गेले तसा थांबला... आन् चिमीनं मला पाहिलं आन् भोकाड पसरलं. मला पाहून! मपली लेक!

सांच्यापारी हे आले, मी सगळं सांगितलं. हे घाबरले न्हाईत, उलट समजावून सांगितलं. "अगं, कॉइलला अजून मेण पाजलं न्हाई. आतली तार ढिली असती, बोललं की थरथरती, माईकवाणी आवाज धरती. हे पाह्य." त्यांनी कॉइलपाशी तोंड नेऊन हॅलो म्हनलं, तर खोक्यातून हॅलो आलं. "कोणी बाहेरून गुणगुणत गेली आसन." मला पटलं. मेणबत्त्या वितळवून त्यांनी कॉइल त्येच्यात बुडवली, वाळवली, पुन्हा बसवली. हॅलो म्हनलं. खोका गप.

तिसऱ्या दिवशी पुन्हा हं... हं...

ह्यांना सांगितलं तर म्हनले परभणीचं रेडिओ स्टेशन धरायलं आसन, कधी कधी मशीन धरतं. म्हनलं, बाप्पा, रेडिओवर रोज दुपारी एकच बाई नुसती हं हं करती का? त्यांना कधीच ऐकू आलं न्हाई. ते घरात असले की आवाजच न्हाई. पण सासूबाईनं ऐकलं. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मंग हळूच म्हनली, "कॉइल गुंडाळताना ती अशीच गुणगुणायची."

मी कधी वत्सलाचा आवाज ऐकला नव्हता. मंग माझ्या मनाचा खेळ कसा होईन? सांगा तुमी.

आन् त्येच्या दुसऱ्या दिवशी लाईट गेलेली. आख्ख्या वस्तीत लाईट न्हाई, पिठाची गिरणी बंद, मशीनचा तांबडा दिवा बंद. तरी हं... हं...

मला भ्या वाटलं का? वाटलं. पण खरं सांगते, भ्यापेक्षा जळफळाट जास्त. नवरा आधीच अर्धा तिचा होता, ईतभर भिंत तिची होती, ते मी गिळलं. आता लेक! चिमी माझ्या मांडीवर रडायची, झोळीत टाकली की गप. अंगावर घेतलं तर दोन घोट प्यायची आन् मान वळवायची — तिकडं, भिंतीकडं. नऊ महिने मी वागवली, मी बाळंत झाले, माझ्या अंगावरचं दूध, आन् हसायची तिला पाहून. मी एकदा गिटारीपुढं उभं राहून मोठ्यानं म्हनले, "तुला झालं न्हाई म्हून माझं घेती का गं?" शेजारीण डोकावली. मी म्हनलं मांजर हाय.

मंग औरंगाबादला नामांतराचा मोर्चा होता. हे पार्टीसंगं चार दिवस गेले. गिटार संगं न्यायची होती, पण पोलिसानं काठी मारली तर मोडंन म्हून घरीच ठिवली. बायको मोडली तर चालती.

हे गेले त्याच सकाळी मी पाना-पेचकस घेतला. तारा ढिल्या केल्या, घोडी उचलली. हे करतात ते रोज पाहून मला सगळं येत होतं. घोडीखाली तो पत्रा, त्येला झाळलेली वायर. पत्रा उलटा केला तर... बाईचं चित्र. दोन डोळे, कपाळावर कुंकू, उलीसे हात. चांदीचा टाक.

"आत्याबाई!" मी एवढ्या जोरात वरडले की चिमी दचकली.

सासूबाई आली, पाहिलं आन् कपाळावर हात मारून खालीच बसली. "अगं बाई, हा तर मपला... मी मानवतच्या सोनाराकडनं चोरून करून आणला होता. तू गळ्यात घालणार न्हाईस, हा घालू देणार न्हाई, म्हून कणगीत ज्वारीखाली ठिवला. म्हनलं घरात तरी राहू दे तिची जागा. मुडद्यानं तिथून उचलला?"

नंतर ह्यांनीच सांगितलं, ज्वारी काढताना चांदीचा पत्रा हाती लागला, दुसऱ्या बाजूला काय हाय पाहिलंच न्हाई. अर्थिंगला चांदीसारखं काई न्हाई म्हून झाळला. तुमीच पाहा, असं आमच्याच घरी होईन. मायनं बुद्धाच्या घरात चोरून टाक ठिवला आन् लेकानं तो सवतीच्याच कॉइलला वायरीनं जोडला.

माझं डोकं फिरलं. मी कॉइल उपसली. मेण नखानं खरडलं, तारेचं टोक शोधलं आन् ओढत सुटले. ओढते, ओढते, तांब्याचा केसांवाणी गुंता मांडीवर पडतो. सासूबाई म्हणती, "नको गं, लेकराची आई हायेस, नको." मी ऐकते कुठं! रीळ अर्धी झाली, हात भरून आले, तवा थांबले. तार तोडली, गुंता मागं नेऊन चुलीत घातला. हिरवा जाळ झाला. मला लय बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आख्ख्या दोन वर्सांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

त्या दुपारी चिमीला पाजायला घेतलं. तिनं तोंड लावलं न्हाई.

सांच्यापारी न्हाई. सकाळी न्हाई. रडतबी नव्हती, नुसती भिंतीकडं पाहत पडलेली. भिंत तर रिकामी, गिटार खाली चटईवर उघडी. माझी छाती दगड झाली, दुखून दुखून ताप भरला. वाटी-चमच्यानं पाणी पाजलं तर ओठावरनं खाली. सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईनं घसा पाहिला, छाती पाहिली, पोट पाहिलं, म्हनल्या सगळं नीट हाय, ताप न्हाई, जंतू न्हाई. औषध दिलं, सांगितलं उद्या सकाळपर्यंत प्यायली न्हाई तर भरती करा, नाकातून नळी घालावी लागंन. माझी लेक, एवढंसं नाक... मी चालत घरी आले तर रस्ता दिसंना.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या टाळूवर खड्डा पडला. सासूबाई म्हनली, "जोड ते."

"न्हाई."

"पोरी, नवरा काय, भिंत काय, हे सगळं ठीक हाय. ह्या लेकरापुढं तुझी आन् तिची काय भांडणं? जोड."

मी मालकांची झाळायची इस्तरी तापवली. दोनदा बोट भाजलं. अर्धी उरलेली कॉइल, मी मोडलेली, तिच्या तुटक्या टोकाला वायर झाळली, रीळ तशीच खाचेत ठिवली. टाक घोडीखाली दाबला — बाईचं तोंड वर करून. तारा ताणल्या. सूर काय मला येत न्हाई, नुसत्या ताणल्या. मशीनला जोडली. आन् लेकीला मांडीवर घेऊन तिच्यापुढं बसले.

काईच न्हाई. गाडी गेली रुळावरनं, पत्रे वाजले, पुन्हा काई न्हाई.

मंग मी म्हनले... काय म्हनले ते लिवायला लाज वाटती. मी म्हनले, "वत्सलाबाई, तुमचा वाटा घ्या. पण लेकरू मला राहू द्या." आमी पंचशील म्हणणारी लोकं, आन् मी एका लाकडाच्या फळीपुढं पदर पसरला.

हं... हं... हं...

चिमीनं डोळे फिरवले. ओठ हलवले. मी अंगावर घेतली... आन् ती प्यायली. घट घट घट, श्वास घ्यायलाबी थांबंना. मी रडत होते, सासूबाई रडत होती, आन् तरी — पाहा मनाचा मेलेपणा — तवाबी माझ्या मनात आलं, दूध माझं, पण हुंकार तिचा.

दुसऱ्या दिवशी हे आले. मी काईच लपवलं न्हाई, सगळं सांगितलं. हे आधी चिडले, मंग लेकीला घेऊन बसले, मंग म्हनले, "पाहू तरी काय वाटोळं केलंस." कॉइल उघडली.

रीळ भरलेली. काठोकाठ. वरचं मेणसुद्धा जागच्या जागी, नखाचा ओरखडा न्हाई.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तू काई सोडलंच न्हाईस. तापात स्वप्न पडलं तुला." मीटर आणलं, दोन टोकं लावली. काटा हालला आन् थांबला. ह्यांनी भिंतीकडं पाहिलं. मीबी पाहिलं. सहा पॉईंट आठ.

मी मागं गेले, चुलीतली राख चाळली आन् तांब्याचा गोळा आणून त्यांच्या हातात दिला. काळा झालेला, मुठीएवढा, केसावाणी तार एकात एक अडकलेली.

"मंग हे काय हाय?" मी म्हनले. "तुमीच सांगा, तुमी तारेतले माणूस. घरात दुसरी बारीक तार होती का?"

नव्हती. ती तार भंगारातल्या जुन्या मीटरमधली, एकदाच गावलेली, पुन्हा कुठं मिळाली नव्हती. हे त्यो गोळा हातात फिरवत किती तरी येळ बसले. रातीचं जेवले न्हाईत. तवापासून त्यांनी मला एकदाबी येडी म्हनलं न्हाई. पण त्यांनी त्या गिटारीला हातबी लावला न्हाई. आता चौथी करायलेत, शिवणीच्या लाकडाची.

ह्याला सात महिने झाले. चिमी आता धरून उभी राहती, भाकरीचा तुकडा चघळती. रोज दुपारी मी तिला गिटारीखाली चटईवर ठिवते, मशीन लावते आन् बाहेर ओट्यावर दाराकडं पाठ करून बसते. आत हसणं चालू होतं. मी शेंगा फोडते, काईबी करते. तासाभरानं आत जाते आन् लेकीला उचलते. तवा तीबी रडत न्हाई, गळ्यात हात टाकती. एक दिवस मी नेलं न्हाई, पाव्हणे आलते. त्या दिवशी प्यायली न्हाई. पुन्हा मी तसं केलं न्हाई.

परवा मानवतचे एक पार्टीवाले दादा आले, ह्यांच्या ओळखीचे. भिंतीवरची गिटार पाहिली, बोट फिरवलं, लय आवडली. म्हनले द्या आमाला, इथं नुसती टांगून काय करायलेत. हे लगेच तयार झाले. त्यांना तर ती घरातनं जायलाच पायजे. खिळ्यावरनं काढलीबी.

मी मधी जाऊन उभी राहिले. "न्हाई द्यायची."

हे म्हनले, "अगं, तूच म्हणायचीस ना, सवत हाय म्हून?"

"हाय म्हूनच न्हाई द्यायची. लेकीचं तोंड पाहा आधी."

चिमी चटईवर बसलेली, दोन्ही हात वर करून, त्या दादांच्या हातातल्या गिटारीकडं. रडत नव्हती. नुसते हात वर, उचलून घे म्हणताना करती तसे. दादा येडबडले, गिटार माझ्या हातात देऊन चहा न घेताच निघाले. मी मपल्या हातानं ती पुन्हा खिळ्याला लावली.

तुमच्यात शिकलेली लोकं हायेत, इजेतलं कळणारी हायेत. अर्धी तार जळाल्यावर रीळ भरलेली कशी? लाईट नसताना खोका कसा बोलंन? मालकांना विचारलं तर ते दुकानावर जायचं काम काढतेत. सासूबाई म्हणती, वाटा देत राह्य, लेकरू मोठं झालं की ती आपली आपली सोडंन. पण ती सोडंन का लेकरू सोडंन, आन् आमा दोघींत लेकरू कोणाला सोडंन, हे म्हातारीबी सांगत न्हाई.

उठली वाटतं चिमी. आता घेते तिला. पोटभर पिती हल्ली, डॉक्टरीणबाईनं वजन केलं, चांगलं हाय म्हनल्या. पण पिताना माझ्या तोंडाकडं पाहत न्हाई. मी पदर आडवा धरून पाहिला. ती पदराच्या कडेवरनं भिंतीकडं पाहती.